डल्सिमर शिकवणाऱ्यांशी गप्पा रेकॉर्ड करताना: माझा अनुभव

मी मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं केंटकीत. इथल्या लायब्ररीत गावातल्या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून जपून ठेवायचं काम चालतं, त्यासाठी व्हॉलंटिअर हवे होते, आणि मी तेव्हा नुकतीच माउंटन डल्सिमर शिकायला लागले होते, म्हणून म्हटलं डल्सिमर वाजवणारी आणि शिकवणारी माणसं मला द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डल्सिमर म्हटलं की आपल्याला संतूर आठवतं पण हे ते नव्हे. हे लांबट, मांडीवर आडवं ठेवायचं, तीन किंवा चार तारांचं वाद्य. आपल्या जवळच्या तारेवर धून वाजवायची आणि बाकीच्या तारा नुसत्या घुमत राहतात. पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन लोकांच्या शाइटहोल्ट नावाच्या वाद्यावरून हे आलं आणि अॅपलाचियन डोंगरात त्याला आत्ताचं रूप मिळालं असं मानतात. 2001 पासून हे केंटकीचं राज्यवाद्य पण आहे.

तयारीला मी आधी केंटकीच्याच लोकगायिका जीन रिची यांच्याबद्दल वाचलं, कारण जुन्या पिढीतल्या कुणाशीही बोला, त्यांचं नाव येतंच. 1922 चा जन्म, वायपर नावाचं छोटं गाव, 14 भावंडांत सगळ्यात धाकट्या. वडिलांच्या डल्सिमरला मुलांनी हात लावायचा नाही असा नियम होता आणि त्या गुपचूप वाजवायला शिकल्या. पुढे न्यूयॉर्कला गेल्या, तिथे गायल्या, 1963 ला डल्सिमरवर पुस्तक लिहिलं, आणि डोंगरातलं हे वाद्य शहरातल्या पोरापोरींच्या हातात गेलं. मला वाटतं आज जे कुणी हे शिकवतात त्यांच्यापर्यंत कुठून ना कुठून तरी ही वाट येते, म्हणून माझा एक प्रश्न ठरलेला असायचा, तुमच्या हातात पहिलं डल्सिमर कुणी दिलं. ह्या एका प्रश्नावर लोक अर्धा अर्धा तास बोलतात.

आता प्रोसेसचं. संमतीचा फॉर्म आधीच समजावून सांगायचा, रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण ऐकू शकणार, काही भाग बंद ठेवायचा का, हे बोलून मगच सही घ्यायची. मग खोली. डल्सिमरचा आवाज खूप लहान असतो हो, फ्रीजची घरघर, हीटर, भिंतीवरचं घड्याळ सगळं त्याच्या वर चढतं, त्यामुळे किचनमध्ये प्रेमाने कॉफी समोर ठेवली तरी मी विनंती करून बेडरूम नाहीतर गालिचा असलेली खोली मागायचे. एक छोटा माइक कॉलरला, आणि रेकॉर्डर टेबलावर वाद्याकडे तोंड करून. आणि आपण हं हं करायचं नाही, नुसती मान हलवायची, हे आपल्या मराठी माणसाला फार जड जातं कारण हुंकार दिला नाही तर समोरच्याला वाटतं लक्ष नाहीये.

पण खरं महत्त्वाचं मला वाटतं ते वेगळंच. शिकवण्याबद्दल नुसतं विचारलं की सगळे एकच सांगतात, सोपं आहे, कुणालाही येतं, घाबरायचं नाही. हे खरं आहे पण त्यातून काही कळत नाही. म्हणून मी माझं डल्सिमर सोबत नेऊन म्हणायला लागले की मला काहीच येत नाही असं समजा आणि पहिला धडा द्या, रेकॉर्डर चालूच राहू दे. एका आजींनी (ऐंशीच्या पुढच्या, डोंगरातच वाढलेल्या) मला आधी डाव्या हाताने काही करूच दिलं नाही. नुसतं उजव्या हाताने तिन्ही तारा छेडत बस म्हणाल्या, आणि त्या स्वतः खिडकीकडे बघत गुणगुणत होत्या. बऱ्याच वेळाने हातात काठी दिली, नोटर म्हणतात, बोटाएवढी लाकडी काडी. ती अंगठा वर ठेवून धरायची, तर्जनी पट्टीच्या कडेला टेकवायची म्हणजे काठी तारेवरून सरळ घसरते, आणि घसरताना जो बारीक सर्र आवाज येतो तो पुसायचा नाही, तो त्या संगीताचाच भाग आहे असं त्यांचं ठाम म्हणणं.

वाद्य तेव्हा डी-ए-डी मध्ये लावलेलं, म्हणजे चक्क सा प सां. मला राहवलं नाही, मी फोनवरचा तानपुरा पांढरी दोनला लावून दिला. आजींनी एक खुंटी किंचित पिळली, मिळवलं, आणि तानपुऱ्यावरच त्यांची एक जुनी धून वाजवली. वाद्याला मूळचे पडदे सगळ्या बारा स्वरांचे नसतात, त्यामुळे नुसत्या सुट्या तारेपासून चढत गेलं की कोमल निषाद येतो, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे (ठरावीक सात स्वरांच्या संचाचे) स्वर. धुनीची तार उतरवून डी-ए-ए केलं आणि तिसऱ्या पडद्याला सा मानला की बिलावल, डी-ए-जी ला चौथ्यापासून काफी, डी-ए-सी ला पहिल्यापासून आसावरी. मी त्यांना हे चारही थाट गाऊन दाखवले आणि त्यांनी प्रत्येकात एकेक गाणं काढलं. ते रेकॉर्डिंग मला सगळ्यात जवळचं आहे.

आणि इथेच शिकवणाऱ्यांचं भांडण पण आहे, म्हणजे गोड भांडण. आजींसारखे लोक म्हणतात काठी, दोन तारांची घुमी आणि कान, बस्स. नंतरच्या पिढीने सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक जादा पडदा घातला, त्याला साडेसहावा म्हणतात, म्हणजे डी-ए-डी मध्येच शुद्ध निषाद मिळतो आणि तार उतरवायला नको. हे लोक बोटांनी कॉर्ड धरतात, टॅब (कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेला कागद) वाचून शिकवतात, वेगवान वाजवतात. नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड श्नॉफर डल्सिमर शिकवायचे, 2006 ला गेले ते, त्यांच्यामुळे हे वाद्य मंचावरचं झालं असं एक निवृत्त संगीतशिक्षक मला डोळ्यात पाणी आणून सांगत होते. हेच सर शाळेत पुठ्ठ्याच्या खोक्याला लाकडी पट्टी लावलेली डल्सिमर वापरायचे, मुलं त्यावर चित्रं काढायची, आणि अंगठा टेकवायच्या जागी स्टिकर लावून दिले की पहिल्याच तासाला वर्ग एक धून वाजवायचा. माझं मत विचाराल तर मी आजींच्या बाजूची आहे, आधी घुमीत बसावं, टॅब नंतर, कारण टॅबने सुरू केलेल्यांचे डोळे कागदावरून उठत नाहीत हे मी क्लासमध्ये बघते. पण पुठ्ठ्याच्या डल्सिमरवर वाजवणारी चाळीस पोरं एकदम ऐकायला मिळणार असतील तर माझी टॅबला काही हरकत नाही.

रेकॉर्डिंगनंतरचं काम कंटाळवाणं वाटतं पण तेच टिकतं. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्ट डी-ए-डी चं सरळ डॅड करून टाकतं, गावांची नावं तर विचारूच नका, सगळं ऐकून ऐकून हाताने दुरुस्त करावं लागतं. मग मिनिटांप्रमाणे इंडेक्स, यासाठी युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीच्या नन सेंटरने बनवलेलं ओएचएमएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतो आम्ही, त्यात शोधलं की थेट त्या जागी ऑडिओ उघडतो. मी प्रत्येक धुनीपुढे ट्यूनिंग, काठी की बोटं, आणि कुणाकडून शिकली एवढं लिहितेच.

आता वाद्य बनवणाऱ्यांशी बोलायचं राहिलंय. केंटकीच्याच नॉट काउंटीतले एड थॉमस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कमरेत निमुळती डल्सिमर बनवून गाडीवरून विकायचे, त्या घडणीची परंपरा अजून चालू आहे. मिरजेत तंबोरे घडताना बघत वाढल्यामुळे जवारी, घोडी, लाकूड यावर त्यांना काय विचारायचं ते माझ्या वहीत आत्ताच पानभर झालंय, अक्रोडाचं लाकूड किती वर्षं सुकवता इथून सुरुवात करणार आहे. केंटकी, टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलिना भागात कुणाच्या ओळखीत असा कारागीर असेल तर जरूर सांगा, मी गाडी चालवत येईन.