पिऊन झाली की बाटली द्या: आमची वाटचाल

आमच्या गोटी सोड्याची गोष्ट विहिरीपासून सुरू होते. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या अंगाला आमचं गाव. घरामागच्या विहिरीचं पाणी गोड. इथून खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्या पट्ट्यात येतात. तिथं जमिनीखालचं पाणीच खारट. विहीर खोदा की बोअर मारा, घोट गळ्याखाली उतरत नाही. बाबा सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोका बांधून त्या भागातल्या एका आठवडी बाजारात पहिल्यांदा सोडा विकायला गेले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं बाटली रिकामी करून विचारलं, "सोड्याचं राहू द्या जी, हे पाणी कुठचं हाये?" हा प्रसंग बाबा आयुष्यभर सांगत राहिले. मला मशीनवर उभं केलं त्या दिवशीही त्यांनी आधी तेच सांगितलं: "पहिले पाणी चाखजो, मंग गॅसची टाकी खोलजो."

बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो आणि होळीच्या आसपास जिनिंग थंडावतं. पुढचे तीन-चार महिने हाताला काम नाही, आणि नेमके तेच महिने इकडे जिवावर येणारे. पारा ४५ अंशांच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. परतवाड्याच्या एका वयस्कर सोडावाल्यानं धंदा आवरायला घेतला, तेव्हा बाबांनी घरची दुभती म्हैस विकली आणि त्यांचं हातानं फिरवायचं मशीन आणि सहा खोके बाटल्या घेतल्या. कोकाकोला देश सोडून गेली ते १९७७ साल, त्याच्या पुढचाच हा उन्हाळा. आमच्या गावात त्या कंपनीच्या जाण्यायेण्याचं कुणाला काही नव्हतं. उन्हाळ्यात लोक ताक पीत, कैरीचं पन्हं पीत, पाहुण्याला गूळ-पाणी देत, बाजारात रसवंतीवर थांबत. गोटी सोडा ही बाजाराच्या दिवसाची, लग्नाची, जत्रेची चैन होती.

गोटीची बाटली ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण मला त्या बाटलीचं आजही अप्रूप आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. हिला बूच नाही, झाकण नाही. गळ्यात एक काचेची गोटी आणि तोंडाशी आतून बसवलेलं रबरी वायसर, एवढ्यावर सगळं चालतं. बाटलीत पाणी आणि पाक भरून ती मशीनच्या पेटीत अडकवायची, गॅस सोडायचा आणि दांडा फिरवायचा. पेटी गरगर फिरते, पाणी आणि गॅस एकमेकांत घुसळले जातात. बाटली उलटी असताना फिरवणं थांबवायचं. गोटी आपल्या वजनानं तोंडाशी येते आणि आतल्या गॅसचाच दाब तिला वायसरवर घट्ट धरून ठेवतो. गॅस जितका जोरात तितकं बूच पक्कं. पिताना अंगठ्यानं गोटी आत ढकलायची. गळ्याला एका बाजूनं दोन खाचा असतात, ती बाजू खाली धरली तर गोटी तिथं अडकून राहते. उलटी धरली तर गोटी परत तोंडाशी येते आणि सोडा अडतो. जपानमध्ये रामुने नावाचं पेय अजून अशाच बाटलीत मिळतं. बाकी जगानं पत्र्याचं बिल्ल्याचं बूच घेतलं आणि ही बाटली सोडली.

वायसर झिजलं की गॅस गळतो. संध्याकाळी भरलेली बाटली सकाळी मेलेली निघते. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी आई सगळ्या बाटल्यांवरून कान फिरवायची. सुस्स असा बारीक आवाज आला की ती बाटली बाजूला.

गॅसचं शास्त्र मी शाळेत शिकलो नाही, उन्हाळ्यानं शिकवलं. थंड पाण्यात गॅस जास्त मुरतो. १० अंशांच्या पाण्यात ४० अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणजे ज्या महिन्यात सोडा सगळ्यात जास्त खपतो, त्याच महिन्यात तो बनवणं सगळ्यात कठीण. बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुश्यात घोळून, गोणपाटात बांधून परतवाड्याहून एसटीच्या टपावर यायच्या, आणि पाण्याचा टाका त्यांनी गार करून मगच मशीन सुरू व्हायचं. टाकीचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रव होऊन राहतो तो ३१ अंशांपर्यंतच. त्यापुढे आत द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्यानं चढतो. बाबांना हे ठाऊक नव्हतं. मी सातवीत असताना मे महिन्यात टाकी अंगणात उन्हात राहिली, तीच मशीनला जोडली आणि तिसऱ्या फेरीला बाटली फुटली. काच बाबांच्या कोपरापासून मनगटापर्यंत उतरली. नऊ टाके. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतः लोहाराकडे जाऊन पेटीला जाड जाळीचं झाकण करून आणलं, आणि टाकी तेव्हापासून घरातल्या सर्वांत थंड खोलीत, देवघराला लागून असते. टाकीत गॅस किती उरला हे काट्यावर कळत नाही, आतला द्रव संपेपर्यंत काटा जवळपास तिथंच उभा असतो. आम्ही टाकी वजनावर मोजतो, आणि वजनाची वही अजून चालू आहे.

पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची. एका लग्नात चाळीस बाटल्या गेल्या की पाच-सात परत यायच्याच नाहीत. बाटली उत्तर प्रदेशातल्या सासनीच्या काच कारखान्यांतून यायची. ती एक फुटली की दहा बाटल्यांची कमाई जायची. बाबा पोरांवर ओरडायचे. आईनं वेगळं केलं. फुटलेल्या बाटल्यांच्या गोट्या धुऊन डालड्याच्या डब्यात ठेवल्या आणि गावात सांगून टाकलं, चार रिकाम्या बाटल्या आणा, एक गोटी न्या. पंधरा दिवसांत उकिरड्यावरच्या, नाल्यातल्या, लोकांच्या माळ्यावरच्या बाटल्या घरी आल्या. त्यातल्या काही आमच्या नव्हत्याच.

आमच्याकडे चवी चारच होत्या: खारा, लेमन, ऑरेंज आणि गुलाब. खारा म्हणजे काळं मीठ आणि भाजलेलं जिरं. तो ग्लासात तळाशी मीठ टाकून वरून सोडा ओतूनच प्यावा, मिठाच्या कणांवर गॅस सुटतो आणि फेस ग्लासाबाहेर येतो. रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठली की खाराच लागतो. गुलाब साक्षगंधाला, लेमन लेकरांना. त्या काळी खेड्यापाड्यातल्या बऱ्याच सोड्यात सॅकरिन असायचं, आमच्याही होतं. मी हाती घेतल्यावर ते बंद केलं आणि साखरेच्या पाकावर आलो. नफा कमी झाला. घोट संपल्यावर जिभेवर रेंगाळणारा तो कडवटपणा गेला, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

१९९३ मध्ये कोकाकोला परत आली आणि थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट हे पार्लेचे ब्रँडही तिच्याकडे गेले. आम्हाला त्याची झळ लगेच लागली नाही. ती लागली दहा-बारा वर्षांनी, वीज बरी झाली आणि गावोगाव फ्रीज आले तेव्हा. एका वितरकानं आमच्या पट्ट्यातल्या किराणा दुकानांना फुकट फ्रीज दिले. अट एकच, आत दुसरं काही ठेवायचं नाही. आमचे खोके दुकानाबाहेर उन्हात आले. गरम गोटी सोडा कोण पिणार? दोन उन्हाळ्यांत एकोणीस दुकानं गेली. लग्नात वऱ्हाडाला "कोल्ड्रिंग" दिलं नाही तर मानपान राहिला असं होऊ लागलं. वाईट याचं वाटलं की दुकानदार सगळे ओळखीचे, बाबांच्या हातचा सोडा प्यायलेले. त्यांचाही इलाज नव्हता.

तेव्हा मी एक मोठी चूक केली. ती सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही.

आमच्या भोवती संत्र्याच्या बागा. चांदूरबाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड, जिकडे पाहाल तिकडे संत्रा. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. बारीक फळाला व्यापारी हात लावत नाहीत, ते बांधावर सडतं. मला वाटलं, हाच रस प्लास्टिकच्या बाटलीत भरावा, गॅस मारावा, लेबल लावावं आणि अमरावती-नागपूरपर्यंत न्यावा. कर्ज काढलं, भरायचं मशीन घेतलं. दुकानदारांना पक्कं बिल हवं म्हणून करनोंदणीही पुढे केली. पहिल्या दिवशी चव इतकी सुंदर होती की मी आईला ग्लास देताना माझा हात थरथरत होता. चौथ्या दिवशी तोच रस कडू निघाला. वाटलं फळ खराब. दुसऱ्या बागेचं घेतलं, पुन्हा तेच. टिकावा म्हणून उकळला, तर आणखी कडू. साखर वाढवली, कडूपणा मागे उरलाच. शेकडो बाटल्या दुकानांतून परत आल्या.

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं नंतर कारण सांगितलं. संत्र्याच्या फोडीच्या पडद्यात आणि बियांत एक द्रव्य असतं. झाडावर ते कडू नसतं. फळ दाबलं आणि आंबट रस त्याला लागला की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. उष्णता दिली की काम आणखी लवकर होतं. नागपुरी संत्र्याची ही ओळखीची अडचण आहे. "मामाजी, हा रस काढल्या काढल्या पेवाचा हाये, ठेवाचा नाही," तो म्हणाला. कर्जाचे हप्ते पाच वर्षं फेडले. मशीन विकलं ते निम्म्याहून कमी किमतीला.

पण त्याचं ते वाक्य मनातून गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही बहिरमच्या यात्रेत गेलो. बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या कुशीत डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभराहून जास्त ही यात्रा भरते, आणि मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक कुठून कुठून येतात. बाबा तिथं खारा विकायचे. मी टेबलावर संत्र्याचा ढीग मांडला. गिऱ्हाइकासमोर फळ आडवं कापायचं, हलक्या हातानं पिळायचं, बी दाबायची नाही, सालीची तेलकट फवारणी ग्लासाच्या काठाला लावायची, चिमूटभर काळं मीठ, आणि वरून गोटी फोडून साधा सोडा. रस आणि ओठ यांच्यात एका मिनिटाचं अंतर. कडू व्हायला वेळच मिळत नाही. पहिल्या आठवड्यात लोक थांबून बघायचे, दुसऱ्या आठवड्यात रांग लागली. बाजूच्या गावातले बागाईतदार बारीक फळाच्या गोण्या स्वतः आणून टाकू लागले. आज आमची निम्मी कमाई याच्यावर आहे आणि त्याला लेबल नाही, कारण ते बाटलीत बंदच होत नाही.

उन्हाळ्यात हेच लिंबावर करतो. एप्रिल-मेमध्ये लिंबाला भाव चढतो, पावसाळ्यात तेच मातीमोल जातं. म्हणून पावसाळ्यात आई मीठ घालून लिंबाच्या बरण्या उन्हात मुरवते आणि त्याचं पाणी उन्हाळ्यात खाऱ्यात पडतं. ही चव मी कुठल्याच दुकानातल्या बाटलीत चाखली नाही.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला. गोड वायुयुक्त पेयांवर २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर, हातानं मशीन फिरवणाऱ्यालाही तोच दर आणि जगभर विकणाऱ्यालाही तोच. लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरू देणारी कंपोझिशन योजनाही २०१९ पासून या मालाला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर सरळ ४० टक्के झाला. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत मी ते बोलतो. साखर घातलेल्या सोड्याबद्दल सरकारला काळजी असेल तर ती मी समजू शकतो. पण बर्फाच्या लाद्या उचलणारा माणूस आणि फुकट फ्रीज वाटणारा माणूस एका तराजूत बसत नाहीत.

२०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. लग्नं नाहीत, बाजार नाही, भरलेले खोके घरातच. त्या वर्षी बाबाही गेले.

आता मशीन मोटारीवर चालतं, पाणी आरओ आणि यूव्हीमधून जातं, अन्नसुरक्षेची नोंदणी भिंतीवर लावली आहे. ही सगळी व्यवस्था माझ्या लेकीची. गोटीच्या बाटलीत ब्रश जात नाही, गळा दाबलेला असतो. ही त्या बाटलीची खरी कमजोरी आहे, आणि ज्याला धुणं जमत नाही त्यानं या धंद्यात पडू नये. आम्ही रात्रभर कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्यात बाटल्या बुडवतो, सकाळी आतून दाबाच्या पाण्याची धार मारतो, मग प्रत्येक बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघतो. लेक जिच्याबद्दल जराही साशंक असते ती पुन्हा भिजत पडते. विहिरीचं पाणी अजून गोड आहे, पण लेक दर पावसाळ्यानंतर ते तपासायला पाठवते. यंत्र काहीही सांगो, टाकी खोलायच्या आधी एक घोट चाखतेच.

परवा सासनीहून नव्या बाटल्या आल्या. गवतात गुंडाळलेल्या, तरी सतरा फुटलेल्या निघाल्या. काचा निवडून, गोट्या धुऊन तिनं डालड्याच्या डब्यात टाकल्या. बहिरमला जायला अजून दोन महिने आहेत, तोवर वायसर बदलायची आहेत.