९६ टक्क्यांच्या मागे

काका तिसऱ्या दिवशीही माफी मागून गेले.

मणक्याच्या दुखापतीपासून त्यांचे हात हलत नाहीत. डोक्यावर मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणारी इलेक्ट्रोडची टोपी, समोर पडदा. उजवी मूठ आवळल्याची कल्पना केली की ठिपका उजवीकडे जायचा, डावी आवळली की डावीकडे. आधीच्या आठवड्यात त्यांच्याच नोंदींवर आमच्या न्यूरल नेटवर्कने ९६ टक्के अचूकता दाखवली होती. प्रत्यक्षात ठिपका सतत डावीकडेच ओढला जात होता. “माझंच लक्ष लागत नाहीये,” काका म्हणाले.

सहकाऱ्याने वहीत लिहिलं, ‘बीसीआय-निरक्षर’. बीसीआय म्हणजे ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस, मेंदूच्या सिग्नलवरून यंत्र चालवणं; ज्याला ते जमत नाही तो ‘निरक्षर’. आमच्याकडे हा शब्द रूढ आहे आणि मला तो मुळीच पटत नाही. वाचता आलं नाही यंत्राला, मग निरक्षर माणूस कसा?

हालचालीची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूची म्यू लय ही विद्युत लहर, साधारण ८ ते १३ हर्ट्झची, दबते. उजव्या हातासाठी ती सी-३ या इलेक्ट्रोडखाली शोधायची. फरक काही मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली तरी त्याच्या कितीतरी पट मोठी लाट उठते, म्हणून सिग्नल साफ करण्यातच आमचे दिवस जातात. त्या रात्री मीही चूक आधी तिथेच शोधली.

चूक तिथे नव्हती. एक ट्रायल, म्हणजे मूठ आवळल्याची कल्पना करण्याचा एक प्रयत्न, ४ सेकंदांची. डेटा वाढावा म्हणून मी तिचे १ सेकंदाचे तुकडे पाडले होते, दर ०.१ सेकंदाने पुढे सरकणारे. म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांत ९० टक्के सिग्नल तोच. मग सगळे तुकडे मिसळून काही शिकवायला घेतले, काही तपासायला. एकाच ट्रायलची भावंडं दोन्हीकडे गेली. मॉडेलने हात ओळखलाच नव्हता, ट्रायल ओळखली होती. नवीन मुलांना मी हेच टाळायला शिकवते.

अख्खी ट्रायल एकाच बाजूला ठेवून पुन्हा तपासलं. ५८ टक्के. न्यूरल नेटवर्कऐवजी सीएसपी आणि एलडीए ही साध्या गणिती पद्धतींची जुनी जोडी लावली तरी तेवढंच. ८० ट्रायलमध्ये ५८ टक्के नाणं उडवूनही येऊ शकतात.

सकाळी वहीतला तो शब्द खोडला आणि काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “म्हणजे ते तीन दिवस मी बरोबर करत होतो?”

तेव्हापासून त्या नोंदी मी पुन्हा पुन्हा उघडते आहे. सी-३ खाली लय काही ट्रायलमध्ये दबलेली दिसते, काहींत नाही. त्यांना सांगावं इतकं ठोस अजून हाती लागलेलं नाही.