लिव्हरपूलचा नवा धक्का आणि बाबांची सुप्रमा

मर्सी नदीच्या काठावर सकाळी साडेनऊला मी बाबांना चुकीच्या धक्क्यावर नेऊन उभं केलं. चूक सर्वस्वी माझी. २०१९ साली आम्ही दोघं नवरा-बायको आइल ऑफ मॅनला गेलो होतो, तेव्हा बोट पिअर हेडवरून सुटायची, लिव्हर बिल्डिंगच्या अगदी पायथ्याशी. मँचेस्टरहून ट्रेनने यायचं, लाइम स्ट्रीट स्टेशनातून वीसेक मिनिटं चालायचं, की समोर नदी आणि नदीत बोट. त्या सवयीने पाय तिकडेच वळले. यंदा तिथे बोट नव्हती. बाकावर कॉफी पीत बसलेल्या एका आजोबांनी कप न खाली ठेवता त्याच हाताने उत्तरेकडे दाखवलं. अर्धा मैल तरी.

"म्हणजे धक्का हलला," बाबा म्हणाले. "कधी?"

गेल्या वर्षी, २०२४च्या जूनमध्ये, मी म्हटलं. आणि मग चालता चालता त्यांना सगळी हकिगत सांगावी लागली, कारण बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कुठलंही काम दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: मूळ किंमत किती आणि मुदत किती.

आइल ऑफ मॅन हे आयरिश समुद्रातलं चौऱ्याऐंशी हजार वस्तीचं बेट. ब्रिटनच्या राजाचं, पण ब्रिटनचा भाग नाही. त्यांची स्वतःची संसद आहे, टिनवल्ड नावाची, हजार वर्षांची परंपरा सांगणारी. (यूकेचा व्हिसा तिथे चालतो, म्हणून तर बाबांना नेता आलं.) बेटावर बोटी चालवणारी कंपनी १८३० सालची. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेही त्याच वर्षी सुरू झाली. २०१८ मध्ये बेटाच्या सरकारने ती कंपनीच १२ कोटी ४० लाख पौंडांना विकत घेतली. बोटी आपल्या झाल्या, पण लिव्हरपूलची ती जुनी जागा काही आपली नव्हती. त्याच काठावर शहराला मोठ्या क्रूझ जहाजांसाठी नवं टर्मिनल हवं होतं, आणि तुम्ही दुसरीकडे बघा, असा एकूण सूर होता. म्हणून बेटाने कंपनी घेण्याच्या आधीच, २०१६ मध्ये, परमुलखात, नदीच्या खालच्या अंगाला प्रिन्सेस हाफ-टाइड डॉकजवळ जागा घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे धक्का इंग्लंडच्या जमिनीवर, खर्च बेटाच्या तिजोरीतून.

"२०१९ला मंजुरी मिळाली ३ कोटी ८० लाखांची," मी म्हटलं.

"आणि झाले किती?"

"७ कोटींच्या वर."

बाबा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, हिशेब करायला. "डोई आठशे पौंडांच्या वर पडले. तान्ह्या पोरांसकट." मग हसले. "सुप्रमा घेतली असणार. एकदा नाही, दोनदा तरी."

सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. ज्यांच्या घरात सरकारी अभियंता आहे त्यांना हा शब्द आजी-आजोबांच्या नावासारखा पाठ असतो. आमच्याकडे तर 'आज जेवायला उशीर होईल' यालाही आई म्हणायची, "आज माझ्या स्वयंपाकाला सुप्रमा लागणार."

कारणं मी वाचलेली होती. कोविड आला. पोलाद महागलं. वाऱ्यावादळात नदीत काम करता येईना. आणि नदीच्या तळाशी कुणाच्या हिशेबात नसलेले अडथळे निघाले. बाकीच्या कारणांना बाबांनी नुसती मान हलवली, या शेवटच्याला मात्र गंभीर झाले. "दोनशे वर्षं जिथे बंदर चाललं त्या पाण्याखाली काय काय पडलं असेल! पाया खोदल्याशिवाय खाली काय लागणार ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. इस्टिमेट करणारा मात्र टेबलावर बसून स्वच्छ वाळू धरतो."

प्रिन्सेस डॉक १८२१चा आहे, तेव्हा दोनशे वर्षं त्यांनी अंदाजाने म्हटली तरी बरोबरच होती.

वाटेत उजव्या हाताला उंच काचेच्या इमारती, डाव्या हाताला नदी. नदीत पांढरं शुभ्र क्रूझ जहाज उभं होतं, एखादी हाउसिंग सोसायटी आडवी करून पाण्यात सोडावी तसं. २००७ मध्ये इथे मोठ्या जहाजांसाठी तरंगता धक्का झाला तो सरकारी अनुदानातून, आणि अट अशी की जहाजांनी येऊन नुसती भेट द्यायची, सफर इथून सुरू करायची नाही. साउदॅम्प्टन बंदराचं म्हणणं, सरकारी पैशावर आमचं गिऱ्हाईक पळवू नका. शेवटी २०१२ मध्ये लिव्हरपूलने ८८ लाख पौंड परत केले आणि सफरी सुरू केल्या. सामान आणि कस्टमसाठी तेव्हा एक तात्पुरती शेड उभी केली. पक्कं टर्मिनल पुढे बांधायचं होतं. त्याला २०१८ मध्ये परवानगीही मिळाली. ते मला अजून दिसलं नाही. दिसल्या त्या चाकांच्या बॅगा ओढत चाललेल्या आज्यांच्या रांगा.

गंमत आहे ती इथे. ज्या पाहुण्यासाठी जागा मोकळी करायची म्हणून भाडेकरूला हलवलं, त्या भाडेकरूचं घर आठ वर्षं रखडत का होईना बांधून झालं. पाहुण्याचा दिवाणखाना अजून कागदावर. बाबांना हे इतकं आवडलं की पुढच्या दोन दिवसांत त्यांनी ते मला तीनदा परत सांगितलं.

नवं टर्मिनल दिसायला साधंच, ठेंगणं. बेटाची ती तीन पायांची खूण लांबूनच ओळखू आली. गाड्यांसाठी रांगांच्या पट्ट्या आखलेल्या, आत बसायला ऐसपैस, कॉफी मिळते, स्वच्छतागृहं चकाचक. पायी येणाऱ्याला मात्र जुनी जागा बरी होती, हे माझं मत. स्टेशनवरून सामान ओढत इथवर यायचं, त्यात मर्सीवरचा वारा समोरून. गाडीवाल्यांना कसली अडचण असणार! उत्तरेला आणखी पुढे एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम चमकत होतं. तेही एका जुन्या गोदीतच उभं आहे. या काठावर असं नवं बांधकाम वाढलं म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा जागतिक वारशाचा दर्जाच काढून घेतला. बाबांना मी हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग पर्यटक कमी झाले का?" मला तरी गर्दी कमी वाटली नाही.

खरा खेळ पाण्याचा आहे, तो टर्मिनलच्या आत बसून कळत नाही. आम्ही कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. ओहोटी लागली होती. दगडी भिंतीवर शेवाळाचा हिरवाकाळा पट्टा, आणि त्याच्याखाली ओल्या दगडांची एकेक ओळ उघडी पडत होती. मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीत जवळजवळ दहा मीटरचा फरक पडतो. तीन मजले. आपल्याकडे रत्नागिरीला फार तर दीड पुरुष पाणी चढतं-उतरतं. म्हणून तर १७१५ मध्ये या शहराने दरवाजे लावून पाणी कोंडणारी व्यापारी गोदी बांधली, जगातली पहिली. आणि म्हणूनच आज बोटीत गाड्या चढवायला नुसता धक्का पुरत नाही. एक टोक जमिनीला आणि दुसरं पाण्याबरोबर वर-खाली, असा भलाथोरला लोखंडी पूल लागतो. बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली, भिंतीवरचे ओले दगड मोजले आणि काहीतरी लिहून ठेवलं.

"आमच्या मुसाकाजीला यातलं काहीच नव्हतं," ते म्हणाले.

लहानपणी ते मुंबईहून जैतापूरला बोटीने जायचे. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत बोट मुसाकाजीला यायची आणि लांब समुद्रातच उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाट वर आली की खलाशी ओरडायचा "हां, आता!" आणि माणूस पडावात उडी टाकायचा. आजीला दोघांनी दंडाला धरून गाठोड्यासारखं खाली दिलं होतं, आणि तिच्या हातातली फणसपोळीची पिशवी समुद्रात गेली होती. ती पिशवी आमच्या घराण्यात अजून बुडते आहे. दर मे महिन्यात कुणीतरी आठवण काढतंच.

सव्वाअकराला 'मॅनानन' सुटली. दोन सांगाड्यांची, शहाण्णव मीटर लांबीची वेगवान बोट. पावणेतीन तासांत डग्लस. मॅनानन हा बेटाचा समुद्रदेव, शत्रू दिसला की बेटावर धुक्याची चादर ओढणारा. आपला राखणदारच म्हणायचा. पाऊण वाटेवर खरोखरच धुकं आलं आणि बोट हलायला लागली. मला बोट लागली. बाबांना नाही. ते मजेत चिप्स खात, शेजारच्या एका मँक्स, म्हणजे बेटावरच्याच, बाईंना त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत होते की तुमच्याकडे खर्च वाढला तेव्हा संसदेत कुणी बोललं की नाही. बाई म्हणाल्या, बोलायला काय, अजून बोलतच आहेत.

डग्लसचं वर्णन इथे करत नाही, त्यावर वेगळं लिहीन. एवढंच सांगते की तिथे अजून एक पौंडाची कागदी नोट मिळते. ती बाबांनी देवघरात ठेवायला घेतली आहे.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा भरती होती. नदी काठोकाठ. बोटीतून उतरून बाहेर आलो आणि मी टॅक्सी बघत होते, तर बाबा मागे कुंपणापाशी. डायरी उघडून भिंतीकडे बघत होते. शेवाळाचा पट्टा पाण्याखाली गेलेला. परवा मोजलेले दगड शोधायला ते दोनदा वाकले.

"एकही दिसत नाही गं," ते म्हणाले. "सत्तावीस होते."