सिकलसेलचा रिपोर्ट हातात पडल्यावर

१९ जून, नागपूर

आज जागतिक सिकलसेल दिन. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापांकडून येणारा आजार. सकाळी बॅनर लागलं, दोन भाषणं झाली, चहा-बिस्किटं झाली आणि अकरापासून ओपीडी नेहमीसारखी भरली. रात्र झाली तरी दुपारची एक बाई डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी लॅबची. पेशंट माझ्यापर्यंत येतो तो जांभळ्या झाकणाच्या नळीतून. आधी सोल्युबिलिटी, म्हणजे पहिली ढोबळ चाचणी: टेस्टट्यूबमध्ये द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, आणि ट्यूबमागे काळ्या रेघा मारलेला कागद. पाच मिनिटांनी रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक आहे (दोष अंगात, पण आजार नाही) की आजारी, हे त्या गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी, रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं सुटी करून मोजणारं मशीन. स्क्रीनवर आलेख चढत जातो, नेहमीच्या हिमोग्लोबिनची, म्हणजे ‘ए’ची जागा रिकामी राहते, सिकलच्या ‘एस’चा सुळका उभा राहतो, की मी ‘एसएस पॅटर्न’ (म्हणजे आजार आहे) लिहिते आणि सही करते. पूर्वी माझं काम इथे संपायचं. आता आठवड्यातला एक दिवस मागून घेतलाय, समुपदेशनाच्या खोलीत बसते.

आजची बाई उमरेडकडची. कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा, हाताची बोटं सुजलेली. नवरा दारापाशी उभा. रिपोर्टमध्ये काय आहे हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, “मॅडम, जनमला तवा गुटगुटीत होता हो. सहा महिने काहीच नोयतं. मंग एकाएकी हातपाय सुजले. सासू म्हणते, माह्या दुधातच खोट आहे.”

हा प्रश्न या खोलीत वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी पाय लागला म्हणतं, बोट मात्र नेहमी आईकडेच. आणि याचं उत्तर लॅबमध्ये केव्हापासून तयार आहे! पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, एचबीएफ. ते सिकल होत नाही, म्हणजे पेशीला वाकडी करत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरत जातं, त्याची जागा मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन घेतं, आणि या मुलांमध्ये ते ‘एस’ असतं. म्हणून पहिले पाच-सहा महिने बाळ ठणठणीत, आणि मग हातापायांना सूज. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली हे हेरलं: आजार असूनही नवजात बाळाच्या रक्तात सिकल होणाऱ्या पेशी फारच कमी सापडतात, याचं कारण ते बाळाचं हिमोग्लोबिन असणार.

मी तिला सांगितलं, “तुमच्या दुधाचा काही संबंध नाही. उलट तुमच्या पोटात होता तोवर तो सुरक्षित होता.” मग नवऱ्यालाही आत बोलावलं. दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवले. दोघेही एएस, म्हणजे वाहक. दोघांकडून एकेक ‘एस’ आला, तेव्हा हा आजार झाला. प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. त्यात कुणाचा दोष नाही, पण एकट्या आईचा तर नाहीच नाही. बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे माह्या सासूले लिहून देता का?”

लिहून दिलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली सही-शिक्का. माझ्या आजवरच्या सगळ्या सह्यांत ही सही मला महत्त्वाची वाटते.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पाऊलिंगनी १९४९ साली हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं, पुढे काही वर्षांत इनग्रॅम या शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनातला एकच बदललेला दुवा शोधला. आपल्याकडे मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्ञानाची कमतरता नाही. ते ज्ञान उमरेडच्या सासूपर्यंत पोचायला एवढी वर्षं लागावीत, याचा मला त्रास होतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. फार चांगलं झालं. पण तेवढ्या रिपोर्टांपुढे बसून बोलणारी तेवढी माणसंही लागतील.

दुखण्याचं काय करायचं, हे मात्र माझ्या मशीनला येत नाही. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याच्या झटक्यात, हाडं आतून ठणकतात, मुलं किंचाळतात, आणि रक्ताचा रिपोर्ट पुष्कळदा नेहमीसारखाच येतो. मग कुणीतरी म्हणतं, नाटकं करतो. कॉलेजात जाणारा एक मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, आता मी दवाखान्यात जाताना आधी रडून घेतो. हसत गेलो तर कोणी मानतच नाही.” हे ऐकून माझी झोप उडाली होती. किती दुखतं याची रक्ततपासणी नाही, दुखणारा सांगेल तेच खरं मानायचं. अमेरिकेतल्या २०१४ च्या तज्ज्ञ-सूचनांमध्ये नोंदणीपासून तासाभरात वेदनाशामक सुरू करा असं लिहिलंय. तो तास इथेही पाळता यायला हवा. यासाठी नवं संशोधन लागत नाही, विश्वास ठेवणारा माणूस लागतो.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचंही तसंच. १९९५ साली मोठ्या चाचणीचे निकाल आले, दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. ही कॅप्सूल तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन परत वाढवते. पण ती रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात. कुणीतरी बोलता बोलता “ही तर कॅन्सरची दवा” म्हणून जातं आणि आई दुसऱ्या दिवशी बंद करते. त्या आईला नासमज म्हणू नका. कॅन्सर म्हटल्यावर कुठलीही आई घाबरेल. औषध सुरू करतानाच पाच मिनिटं द्यायची: हे दोन्हीकडे चालतं, तुमच्या लेकराला कॅन्सर नाही, ठरल्यावेळी रक्त तपासू.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. तोही वॉटसन बाईंच्याच धाग्यावर उभा आहे, एचबीएफ पुन्हा चालू करण्यावर. ती बातमी वाचताना खरंच डोळे भरून आले होते. किंमत २२ लाख डॉलर. येईल, एक दिवस इथेही येईल. तोवर आजच्या मुलाला आजची कॅप्सूल वेळेवर मिळाली पाहिजे.

२१ जून

आज सुट्टी, पण एक काम हातावेगळं करतेय. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी वर्गशिक्षकांसाठी पत्र तयार हवं. सिकलसेलच्या मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून त्यांना वारंवार जावं लागतं. शिक्षक रागावतात, म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत. आणि पाणी कमी पडलं की पेशीच्या आतलं हिमोग्लोबिन दाट होतं. दाटपणा जरासा वाढला तरी ‘एस’चे रेणू एकमेकांना कितीतरी लवकर चिकटतात, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. दहावीतली एक मुलगी शाळेत दिवसभर घोटभरही पाणी पीत नव्हती, कारण बाथरूमला विचारायची लाज वाटायची. दर उन्हाळ्यात ती ॲडमिट.

पत्र एका पानाचं ठेवलंय. बाटली बाकावर राहू द्या. लघवीला न विचारता जाऊ द्या. भर उन्हात कवायत नको, पावसात भिजू देऊ नका. ताप आला किंवा दम लागला तर घरच्यांची वाट न पाहता दवाखान्यात न्या. दुखतंय म्हणाला तर दुखतंय. आणि मुलाचा आजार वर्गासमोर सांगू नका. हे वाक्य आमच्या समुपदेशक ताईंनी घालायला लावलं, मुलींच्या लग्नाच्या वेळी काय काय ऐकावं लागतं ते त्या रोज पाहतात. उद्या डॉक्टरांना दाखवते. त्यांनी होकार दिला तर सोमवारपासून प्रत्येक एसएस रिपोर्टच्या मागे हे पान पिन करून देणार.