एक रुपयाची पुडी

२००८ चा मे महिना. नरिमन पॉइंटच्या एका सल्लागार कंपनीत मी स्ट्रॅटेजीचं काम करायचे. आमच्याकडे एक शॅम्पू कंपनी आली होती आणि माझी सतरावी स्लाइड तयार होती: एक रुपयाची पुडी बंद करा.

हिशेब सरळ होता. मोठं पाकीट घेतलं की स्वस्त पडतं, हा बाजाराचा नेहमीचा नियम. आपल्याकडे शॅम्पूत तो उलटा आहे, मिलीलिटरमागे पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणजे कंपनी आपल्याच बाटलीचं गिऱ्हाईक तोडत होती. पुडी काढून घेतली की लोक बाटलीकडे वळतील, असं माझं म्हणणं.

त्या कंपनीच्या विक्री विभागात निवृत्तीला आलेले एक काका होते. स्लाइड पाहून ते एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी सातला लालबागला या. लॅपटॉप नको."

भारतमाता सिनेमाजवळच्या एका चाळीखाली किराणा दुकान. मसाल्याचे दिवस, त्यामुळे मसाला कुटणाऱ्या डंखांचा ठोका चालू आणि मिरचीच्या खकाण्याने डोळे चुरचुरत होते. काकांनी शेठना सांगून मला काउंटरच्या आत तेलाच्या डब्यावर बसवलं. डोक्यावर शॅम्पूच्या माळा लोंबत होत्या. नाव घेऊन शॅम्पू मागणारं कोणी क्वचितच. "रुपयावाला दे," "तो हिरवा दे." ज्या नावावर कंपनी जाहिरातीचा एवढा पैसा ओतत होती, ते नाव काउंटरपर्यंत पोचतच नव्हतं.

साडेआठच्या सुमारास एक बाई आली, सोबत दोन मुली. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. तिने एक पुडी मागितली. मी विचारलं, "ताई, बाटली का नाही घेत?"

"आणली होती की दिवाळीत. मोरीत ठेवली. दीर, नणंद, आलंगेलं, सगळ्यांनी ओतून घेतली. आठ दिवसांत तळ. पुडीचं कसं, मी देईन तिलाच." मग तिने पुडीच्या मधोमध नख ओढलं. "अर्धी हिला, अर्धी तिला. कोपरा एवढाच फाडायचा." एवढाच म्हणजे तिच्या नखाच्या टोकाइतका. "आणि उरलेली दुमडून ही लावायची." केसातली पिन काढून तिने दाखवली आणि परत खोवली.

पुडीचा इतिहास मला पाठ होता. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरला. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५,००० रुपयांवर स्वतःचा धंदा उभा केला, चिक शॅम्पू खेड्यापाड्यात नेला, रिकाम्या पुड्या आणून द्या नि भरलेली न्या, अशी योजनाही चालवली. पण त्या सगळ्यात पुडी म्हणजे गरिबाला परवडणारी छोटी बाटली, एवढंच मी शिकले होते. या बाईसाठी पुडी हे माप होतं. मोरीतल्या बाटलीवर तिचा ताबा नव्हता, पुडीवर होता.

ऑफिसात येऊन मी सतरावी स्लाइड काढून टाकली. वरिष्ठांनी विचारलं, "किती जणींशी बोललीस?" एकीशी. त्यांचा प्रश्न चूक नव्हता. आणखी शंभर दुकानं बघून येते, असं मी म्हणायला हवं होतं. मी गप्प बसले. स्लाइड परत आली आणि पुढच्या मंगळवारी मीच ती मांडली. काका शेवटच्या रांगेत होते. ते काही बोलले नाहीत. ते अजून टोचतं.

कंपनीने काही जिल्ह्यांत पुडी थांबवली. तिथलं गिऱ्हाईक बाटलीकडे गेलं नाही, शेजारच्या माळेकडे गेलं.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि जाहिरातशास्त्र शिकवायला लागले. पगार बराच खाली आला, घरी काळजी वाटली, पण त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्गात मी सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजीपासून सुरुवात करते. समोर स्वस्त निरमा असताना महाग पावडर विकायची होती, आणि जाहिरातकार अलीक पदमसींना ती बाई सुचली स्वतःच्या आईवरून, तिच्या घासाघीस करण्यावरून. मुलांना हे सांगते आणि दुसरा तास सकाळी सातला लालबागला घेते. तीन तास काउंटरच्या आत बसायचं, कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहायचं, अर्थ लावायचा नाही. काही मुलं कंटाळतात. कंटाळ्यानंतरच ऐकू यायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

माझं पुस्तक आलं, तेव्हा पहिली प्रत घेऊन काकांकडे डोंबिवलीला गेले. पहिलं प्रकरण त्या सकाळवर आहे. त्यांनी चष्मा लावून ते सगळं तिथंच वाचलं, पुस्तक मिटलं आणि विचारलं, "त्या बाईंचं नाव काय हो होतं?"

मी विचारलंच नव्हतं.