आर्थिक भार : निरंक

इंटर्नशिपची रूरल पोस्टिंग, यवतमाळकडचं एक ग्रामीण रुग्णालय, जुलै महिना. म्हणजे निंदणाचे दिवस आणि दर दोन दिवसाआड सापाची केस. तेवढ्यात कॉलेजनी ज्युनियर डॉक्टरांकडून आयडिया मागवल्या, ट्रेनिंग आणि पेशंटकेअर सुधारायला काय करता येईल ते पाच मिनिटांत मांडा म्हणे.

माझी आयडिया एवढीशी होती. साप चावलेल्याचं 2 मिली रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. पातळच राहिलं तर घोणस नाहीतर फुरशाचं विष चढलंय समजा. पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असते, पण आमच्या कॅज्युअल्टीत काचेची नळीच नव्हती, कोणी प्लास्टिकमध्ये करून राहिलं, कोणी साबणानं धुतलेल्या नळीत, आणि दोन्हीत रिझल्ट फसवतो. म्हणून एक डबा नळ्या, भिंतीवर एक तक्ता आणि नव्या इंटर्नला पहिल्याच आठवड्यात हातानं करून दाखवायचं. बस.

फॉर्म थ्रू प्रॉपर चॅनल पाहिजे होता, म्हणजे पोस्टिंगच्या ऑफिसचं नाहरकत. अन् तिथंच 19 दिवस गेले. आधी आवकमध्ये टाका. टाकला. मग साहेब मीटिंगला. मग आवक नंबरच सापडेना (दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या बाप्पा, मला हे तिसऱ्या खेपेला सुचलं). एक दिवस नाइट करून तशीच जाऊन बाकावर बसली, समोर माझाच कागद, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि बाबू विचारून राहिले, "मॅडम, हेड कोणतं टाकू?" म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर दाखवू.

म्हटलं काका, दोन-अडीचशेच्या नळ्या आहेत, मी स्टायपेंडमधून आणते न.

"मंग ते डोनेशन झालं. त्याचं रजिस्टर अलग."

मला रडू यायचंच बाकी होतं. बाहेर लॅबवाले दादा भेटले, ते म्हणाले नवीन अर्ज लिहा आणि खाली टाका, आर्थिक भार निरंक, म्हणजे खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सही! आणि नळ्या? दादांच्याच स्टोअरमध्ये खोकंभर पडलेल्या होत्या, काचेच्या, कोऱ्या.

मांडणं सोपं गेलं. फक्त एका सरांनी विचारलं, मण्यारचं काय? मण्यार-नागाच्या केसमध्ये रक्त नीट गोठते, पापण्या जड होतात ते बघावं लागते, नाहीतर नळी पाहून पेशंटला घरी पाठवाल. तक्त्यात ते राहूनच गेलं होतं, आता लाल पेननं लिहिलंय. आणि हो, स्लाइडवर पेशंटचं नाव, फोटो काही टाकू नका.

डबा आता इंजेक्शन ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असतो. परवा त्यातली एक नळी फुटली. तिची नोंद कुठं करायची हे मी बाबूंना विचारणार नाहीये.