हक्कारचा शाप आणि साथरोगांचा तास

साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला मी पाठ्यपुस्तक उघडत नाही. प्लेग, देवी, कॉलरा पुढे येतातच. मी सुरुवात करते सप्टेंबर २००५ मधल्या एका साथीपासून. ती एका खेळात आली होती.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ तेव्हा लाखो लोक खेळत होते. ब्लिझर्ड कंपनीने त्यात झुलगुरुब नावाची नवी जागा आणली. तिथला हक्कार नावाचा बलाढ्य शत्रू लढताना ‘करप्टेड ब्लड’ नावाचा शाप द्यायचा. शाप लागला की पात्राची ताकद झपाट्याने उतरायची आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो लागायचा. तो तिथेच राहावा अशी योजना होती. पण हंटर म्हणजे शिकारी पात्र घेतलेल्या खेळाडूंचे पाळीव प्राणी लागण घेऊन शहरांत पोचले. शहरातली दुकानदारांसारखी पात्रं संगणक चालवतो. ती बाधित व्हायची, पण मरायची नाहीत. लक्षणं नसलेले वाहक! प्राणी, वाहक, गर्दीचं शहर. इथे वर्ग ताठ बसतो. मागच्या बाकावरचा एखादा गेमर तर मलाच तपशील पुरवू लागतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लोकांचं वागणं. बरं करण्याची विद्या असलेले काही जण मदतीला धावले. काही शहर सोडून पळाले. काही नुसते बघायला आले, तर काहींनी मुद्दाम रोग पसरवला. नवख्यांची पात्रं पटापट मेली. विलगीकरणाचा प्रयत्न फसला आणि शेवटी कंपनीला सर्व्हर रीसेट करावे लागले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला.

आमच्या गणिती मॉडेलमध्ये माणूस निरोगी, बाधित, बरा झालेला अशा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकतो. भीती, कुतूहल, खोडसाळपणा त्यात घालायचा तर आकडे आणायचे कुठून? खऱ्या माणसांवर रोग सोडून बघता येत नाही; खेळात मात्र ते आपोआप घडलं. २०२० मध्ये गावोगावी वेशीवर काटेरी फांद्या पडल्या, तेव्हा मला हा लेख पुन्हा पुन्हा आठवत होता.

अर्थात खेळातलं मरण स्वस्त असतं. पात्र पुन्हा उठतं, वाया जातो तो वेळ. त्यामुळे तिथलं धाडस जसंच्या तसं दवाखान्याच्या रांगेला लावता येणार नाही. शिवाय घरी संगणक आणि इंटरनेट असलेले खेळाडू म्हणजे समाजाचा नमुना नव्हे.

मला जास्त काळजी आहे ती मालकीची. हजारो लोक वर्षानुवर्षं ज्या जगात मैत्री जोडतात, ते एका कंपनीचं असतं. लहान मुलांचं ‘क्लब पेंग्विन’ हे ऑनलाइन जग डिस्नेने मार्च २०१७ मध्ये बंद केलं. ज्यांचं बालपण तिथे गेलं, त्यांच्या हाती काय राहिलं?

फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये मेटा हे नाव घेतल्यापासून आभासी जगाची चर्चा डोळ्यांवरच्या चष्म्याभोवती फिरते. २००५ साली चष्मा नव्हता, साधा पडदा होता, तरी लोक घाबरले आणि एकमेकांसाठी धावलेही. माझ्या मते या जगांचं भवितव्य पुढच्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. खेळाडूंची संमती घेऊन, त्यांची नावं काढून, तिथल्या नोंदी संशोधकांना मिळाव्यात. आणि जग बंद करण्याआधी त्यातल्या माणसांना आपल्या आठवणी बाहेर नेता याव्यात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी उद्या आरोग्य खात्यात बसेल, कुणी गेम बनवणाऱ्यांना सल्ला देईल. ही मागणी त्यांनी लावून धरावी, असं मी त्यांना तासातच सांगते.